काय सोडायचं आणि काय नाही



गेले पाच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलंही, "बरं आहे ना सगळं?" तब्येत ठणठणीत आहे. पण सोमवारी रात्री एक मेसेज आला आणि मंगळवारी वाचायला नेमके अठराव्या अध्यायातले श्लोक ७, ८ आणि ९ होते. त्यावर पाठ केल्यासारखं काहीतरी लिहून मोकळं होणं मला जमेना.

मेसेज माझ्या लेकीच्या आईचा होता. (पूर्वी मी 'माझी एक्स' म्हणायचो. मग लक्षात आलं की लेक आसपास असताना तो शब्द तोंडातून निघतच नाही. जो शब्द तिच्यासमोर उच्चारता येत नाही तो तिच्यामागे तरी का वापरायचा? तेव्हापासून 'तिची आई'.) आम्हाला वेगळं होऊन तीन वर्षं झाली. लेक आता आठ वर्षांची आहे. ती आईकडे राहते, एकाआड एक शनिवार-रविवार माझ्याकडे येते, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी अर्धी. दोघंही पुण्यातच, स्कूटरवर वीस मिनिटांच्या अंतरावर. मेसेजमध्ये होतं: कंपनीने बंगळुरूला मोठ्या जागेची ऑफर दिलीय, निदान तीन वर्षांसाठी. तुझं मत सांग. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय.

आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये एक कलम आहे. दोघांच्या लेखी संमतीशिवाय लेकीचं राहण्याचं शहर बदलायचं नाही. म्हणजे मी 'नाही' म्हटलं तर निदान काही काळ तरी गोष्ट तिथेच थांबते.

रात्री साडेबाराला मी 'नाही'चा मेल लिहायला बसलो. चार परिच्छेद झाले. पाठवायच्या आधी एकदा वाचून काढायची ऑफिसची सवय आहे म्हणून वाचला. 'मुलीच्या हितासाठी' हे शब्द पाच वेळा आले होते. 'मला' एकदाही नाही. आठ वर्षांच्या लेकीला पंधरा दिवसांतून दोनदा भेटणारा बाप, तिला साडेआठशे किलोमीटर लांब नेण्याबद्दल मेल लिहितो आणि त्यात 'मला वाईट वाटेल' हे एक वाक्य नाही! मलाच संशय आला. ड्राफ्ट सेव्ह केला आणि झोपलो. सकाळी पुस्तक उघडलं तर समोर हे तीन श्लोक.

अर्थ थोडक्यात सांगतो, मूळ तुम्ही वाचालच. भगवंत म्हणतात, जे कर्म तुझ्या वाट्याला नेमून आलेलं आहे ते टाकणं योग्य नाही. मोहापोटी टाकलंस तर तो तामस त्याग. त्रास होतो, क्लेश होतात, या भीतीने टाकलंस तर तो राजस त्याग आणि त्याचं फळही मिळत नाही. आणि करायलाच हवं म्हणून केलंस, पण त्यातली आसक्ती आणि फळाचा हक्क सोडलास, तर तो सात्त्विक त्याग. गंमत बघा, तिसऱ्यात काम सुटतच नाही, त्याला चिकटलेलं काहीतरी सुटतं.

हे श्लोक मी आधीही वाचले होते, पण नोकरी, प्रमोशन, अप्रेझल असल्या गोष्टींना लावले होते. घटस्फोटाला लावायचं धाडस केलं नव्हतं. कारण तिथे प्रश्न फार सरळ आणि बोचरा होतो: आम्ही काय टाकलं?

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे, हे मला फॅमिली कोर्टात कळलं. परस्पर संमतीने घटस्फोट म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. निदान वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात. म्हणजे नवरा-बायको हे नातं संपवायची रीतसर वाट आहे. पण आई-बाप हे नातं संपवायचा अर्ज कुठेच मिळत नाही. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात तर अल्पवयीन मुलाचं कल्याण हाच सर्वांत वरचा विचार मानलाय. आईचा किंवा बापाचा हक्क त्याच्या खाली येतो. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुम्ही दोघं एकमेकांपासून वेगळे होताय. मुलीपासून कोण वेगळं होतंय?" आम्ही दोघंही गप्प.

नेमून आलेलं कर्म म्हणजे हे, असं मला वाटतं. लग्न आम्ही ठरवून केलं होतं आणि ठरवून मोडलं. लेक मात्र आमच्या वाट्याला आली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कुणी याचा भलताच अर्थ काढेल. 'मुलांसाठी तरी एकत्र राहा' हा सल्ला आम्हालाही भरपूर मिळाला. लग्नाच्या हॉलमध्ये, बारशाला, अगदी दहाव्याच्या दिवशीसुद्धा. ज्या घरात मारहाण आहे, भीती आहे, त्या घरात हा सल्ला देणं मला अधर्म वाटतो. तिथे बाहेर पडणं हेच मुलांप्रती कर्तव्य, आणि अशा घरांना आज लिहिलेलं बरंचसं लागूही पडणार नाही. आमचं तसं नव्हतं. आमच्याकडे आवाज कधी चढला नाही, तो हळूहळू बंदच झाला. शेवटच्या वर्षी आम्ही फक्त लेकीमार्फत बोलायचो. "बाबांना सांग जेवण वाढलंय." पाच वर्षांची पोर दोन खोल्यांमध्ये निरोप घेऊन फिरायची. ते थांबायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन.

पण वेगळं झाल्यावर ते थांबलं का? खरं सांगायचं तर नाही. आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

पहिल्या वर्षी मी एक एक्सेल शीट केली होती. ठरलेले तास एका कॉलममध्ये, प्रत्यक्ष मिळालेले दुसऱ्यात. तिला ताप आला म्हणून शनिवार गेला, तास वजा. मैत्रिणीचा वाढदिवस म्हणून उशिरा आली, तास वजा. खाली बेरीज आपोआप व्हायची आणि आकडा ऋण असला की सेल लाल व्हायचा. गणपतीच्या आदल्या दिवशी तो सेल उणे ६१ दाखवत होता. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. लेकीच्या अंगात कणकण होती, आणि तिची आई म्हणाली, "आजची रात्र इथेच राहू दे, सकाळी आरतीला आणून सोडते." मी फोनवर ६१ चा आकडा ऐकवला. लेक रात्रीच आली. आरतीला उभी राहिली तेव्हा डोळे तांबारलेले होते, आणि प्रसाद हातात तसाच ठेवून सोफ्यावर झोपली. मी तिच्या शेजारी बसून मोबाईलवर शीट अपडेट केली. हे लिहितानाही कान गरम होतात. त्या दिवशी बाप्पासमोर मी जे केलं तो हिशेब होता. सेवा नव्हती, वात्सल्यही नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून बारीक, आणि मला ती जास्त लागली. लेक माझ्याकडे आली की सांगायची, "आईकडे खूप बोअर होतं." मी वरवर म्हणायचो, "असं नाही म्हणायचं." पण आत एक गोड उकळी फुटायची, ती मी नाकारणार नाही. गेल्या वर्षी शाळेच्या फीबद्दल बोलताना तिची आई सहज म्हणाली, "तुझ्याकडे तिला करमत नाही म्हणते. सांभाळून घे जरा." दोघंही क्षणभर थांबलो. मग दोन्हीकडची वाक्यं शेजारी ठेवली. पोर दोन्ही घरी खोटं बोलत होती. दोन्ही घरी ती मजेतच असायची, पण ज्याच्या समोर आहे त्याला बरं वाटावं म्हणून दुसऱ्या घराला नावं ठेवायची. सात वर्षांच्या मुलीने ओळखलं होतं की आपल्या आई-बापाला कशाची भूक आहे, आणि ती आम्हाला भरवत होती.

निरोप पोचवण्याचं काम आम्ही तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याहून जड काम दिलं होतं. त्या रात्री शीट डिलीट केली. रिसायकल बिनमधूनही.

आता थोडं आळंदीला जाऊ. विठ्ठलपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लग्न झालेलं, पण ओढा वैराग्याकडे. काशीला गेले आणि संन्यास घेतला. घरी पत्नी आहे हे गुरूंपासून लपवलं, असं परंपरा सांगते. पुढे गुरू आळंदीला आले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, आशीर्वाद पुत्रवती होण्याचा मिळाला, आणि सगळं उलगडलं. गुरूंनी त्यांना परत पाठवलं. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आणि मग गावाने जे केलं ते: संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं. मुंज नाही, पंगत नाही. शेवटी धर्मपीठाने प्रायश्चित्त सांगितलं देहत्यागाचं, आणि आई-बापांनी ते स्वीकारलं. मुलांचं तरी भलं होईल म्हणून.

एवढ्या वेळा ऐकलेल्या या कथेत मंगळवारी मला पहिल्यांदाच त्या चार पोरांच्या बाजूने बघावंसं वाटलं. त्यांच्या वडिलांनी दोनदा त्याग केला. पहिला संसाराचा, दुसरा देहाचा. दोन्ही वेळा किंमत मुलांनी भरली. दुसरा तर मुलांसाठीच होता. पण त्यानंतर मुलांचा मार्ग मोकळा झाला का? नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला चालत जावंच लागलं, तेही आता आई-बापांशिवाय. माउलींच्या आई-वडिलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, आणि खरा दोष पोरांना वाळीत टाकणाऱ्यांचाच. तरी मनात येतंच: 'मुलांसाठी' म्हणून आपण जे मोठं काही करतो, ते मुलांना खरंच हवं असतं का? त्या चौघांना कुणी विचारलं असतं, तर आई-बाबा हवेत असंच ती म्हणाली नसती का?

आणि याच घरातल्या मुलाने पुढे नेवाशाला, शके १२१२ मध्ये, गीतेवर भाष्य केलं. या अठराव्या अध्यायावर तर ते सगळ्यांत विस्ताराने बोलले. वडिलांच्या त्यागाचं ओझं लहानपणापासून वाहिलेला मुलगा जगाला सांगतो की त्याग म्हणजे काय, कुठला खरा आणि कुठला फसवा. त्यात वडिलांवर रागाचा एक शब्द नाही. मी हे वाचून बराच वेळ तसाच बसलो. डेली स्टँडअपला उशीर झाला.

तर आता बंगळुरू.

माझा 'नाही'चा मेल मी श्लोकांसमोर ठेवून बघितला. बाप म्हणून असलेलं काम मी टाकत नव्हतो, हे खरं. पण त्यातल्या फळाला घट्ट धरून बसलो होतो. एकाआड एक शनिवार-रविवार हे माझं फळ. तिने धावत येऊन दार उघडणं हे माझं फळ. ते जाईल ही भीती होती आणि तिला मी 'हित' असं नाव दिलं होतं.

मग मोठ्या मनाने 'हो' म्हणावं का? बुधवारी मी या टोकाला गेलो होतो. जाऊ दे, सोडून द्यावं, तिच्या आईची इतक्या वर्षांची मेहनत आहे, आपण आडवं का यावं? वाटलं, हाच सात्त्विक त्याग. संध्याकाळी मात्र स्वतःचीच चोरी पकडली. ते 'हो' म्हणताना मला हलकं वाटत होतं. शाळेच्या मीटिंग नाहीत, रविवारी संध्याकाळी तिला परत सोडताना स्कूटरवर जे होतं ते नाही. ओळखीतला एक जण असाच 'मुलाच्या भल्यासाठी' बाजूला झाला. आता वर्षातून एकदा भेटतो, आणि सगळे त्याला समंजस म्हणतात. हा श्लोक ८ आहे, मंडळी. त्रास होतो म्हणून सोडणं. त्यावर उदारपणाचं लेबल लावलं की तो राजस त्याग ओळखूच येत नाही.

म्हणजे 'नाही'मध्येही मी होतो आणि 'हो'मध्येही मीच. गुरुवारी म्हटलं, आता उत्तर बाजूला ठेवू, कामं लिहून काढू. एका कागदावर लेकीच्या आयुष्यात मी प्रत्यक्ष काय करतो ते लिहिलं. (एक्सेल नाही, कागद!) गणिताचा अभ्यास. दातांचा डॉक्टर. झोपताना गोष्ट. तिच्या आईला उशीर होणार असेल तेव्हा शाळेतून आणणं, जे खरं तर माझी आई करते. रविवारचा बॅडमिंटनचा क्लास. मग प्रत्येकापुढे लिहिलं: हे पुण्याशिवाय होऊ शकतं का? गणित व्हिडिओ कॉलवर होतं, आताही आठवड्यातून दोनदा तसंच होतं. गोष्ट होते. डॉक्टर तिथेही आहेत. आजी मात्र होत नाही. आजीपुढे मी काहीच लिहू शकलो नाही.

दुसऱ्या बाजूला: तिची मावशी बंगळुरूला आहे. तिच्या आईला इथे रोज रात्री आठनंतर कॉल असतात, तिथे ते नसतील. विमानाने दीड तास, उद्यान एक्सप्रेसने जवळजवळ २० तास. आणि माझ्या कंपनीचं तिथे ऑफिस आहे. हे मला सोमवारपासून माहीत होतं, पण कागदावर यायला गुरुवार उजाडला. फळ धरून बसलेल्याला दुसरी वाट दिसत नाही, असं म्हणू का? की इकडे बाबांचे गुडघे आणि आईचं बीपी आहे म्हणून मी तिकडे बघतच नव्हतो? दोन्ही असेल. मुलगा म्हणूनही काहीतरी नेमून आलेलं आहेच, आणि गीता वाचली म्हणून दोन कर्तव्यांतला ताण नाहीसा होत नाही.

आज सकाळी लेकीचा क्लास चालू असताना आम्ही दोघं शेजारच्या उडुपी हॉटेलात भेटलो. तीन वर्षांत कोर्ट आणि शाळा सोडून पहिल्यांदाच. मी आधीच सांगून टाकलं, "मला नाही म्हणायचं होतं. मेलही लिहिला होता."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून आठ दिवस मेसेजच पाठवला नव्हता."

मग तासभर बोललो. शाळेचं वर्ष संपेपर्यंत हलायचं नाही, हे तिने स्वतःच मांडलं. महिन्यातला एक आठवडा मी बंगळुरूच्या ऑफिसातून काम करायचं, मॅनेजरला विचारलंय, उत्तर आलेलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी बरीचशी पुण्यात, आजीकडे. गणपती पुण्यातच. जे ठरेल ते लेखी आणि कोर्टात रीतसर, कारण चांगुलपणावर सोडलेल्या गोष्टी थकल्यावर विसरल्या जातात. लेकीला दोघांनी मिळून, एकाच वेळी सांगायचं. "तुला कोणाकडे राहायचंय?" हा प्रश्न तिला कुणीच विचारायचा नाही. पण "तुला कशाची भीती वाटते, बरोबर काय न्यायचंय, इथलं काय सोडवत नाही?" हे विचारायचं, आणि ती जे सांगेल त्याने आमचं ठरलेलं बदलू शकतं. तिला उत्तर देता येईल, पण निवाडा तिच्या गळ्यात पडणार नाही, एवढं जमलं तर खूप. एका मुद्द्यावर अडलो. तीन वर्षांनी परत यायचंच असं मला लिहून हवं होतं. ती म्हणाली, "ते मी आज लिहून देऊ शकत नाही, खोटं ठरेल." मला राग आला. चहा पिऊन झाला तरी तो गेला नव्हता. तो मुद्दा तसाच उघडा आहे.

माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. ते उद्या.

साडेअकराला लेक क्लासमधून आली. दारातच थांबली. आम्हा दोघांना एका टेबलावर बघून तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या, मग पुन्हा माझ्या. आधी कोणाकडे जायचं याचा हिशेब चालला असावा. तो तिला कुणी शिकवला ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "ये गं, इथलं सांबार तुझ्या आईला आवडलंय." तिने रॅकेटची बॅग मधल्या खुर्चीवर ठेवली, स्वतः तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला इडली. दोन नाही, तीन."

उद्या श्लोक १०. नियमित चालू करतोय.

राम कृष्ण हरी.